वहीतला मोर

शिबिर होऊन तीन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतो.

मी हायस्कूलला गणित शिकवतो आणि वर स्काउट मास्तर. कोणाच्या तरी गळ्यात स्कार्फ अडकवायचा होता आणि मी तेव्हा नवीन होतो, एवढंच. पण आता सवय झालीये, पोरं आवडतात. यंदा स्काउटच्या राज्य पुरस्काराच्या चाचणीला, म्हणजे या शिबिराला, आठ पोरं नेली, आख्खा एक संघ. लोकांना वाटतं स्काउट म्हणजे शिट्टी आणि सलामी. स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे दोन काठ्या काटकोनात दोराने जखडणं, बांधून दाखवा म्हणावं. उभ्या काठीला क्लोव्ह हिचची गाठ, मग दोन्ही काठ्यांना मिळून तीन वेढे, मग काठ्यांच्या मधून दोर कचकचून आवळत फ्रॅपिंग, शेवटी आडव्या काठीवर परत क्लोव्ह हिच. फ्रॅपिंग जरा ढिलं राहिलं की टॉवेल टाकल्या टाकल्या काठ्यांचं गॅजेट वाकडं. माझा संघनायक हे अंधारात बांधतो, लाइट गेली होती तेव्हा बघितलंय मी.

चाचणीला लागणारी हाईक मात्र झाली नव्हती. ठरलेल्या रविवारी मला मतदारयादीचं काम लागलं, पुढच्या रविवारी धो धो पाऊस, मग घटक चाचणी. शिकवणं सोडून सगळं करायचं असतं आम्हाला. शेवटी मीच फळ्यावर अहवाल लिहून दिला, मार्गचिन्हांसकट. गोलात टिंब, म्हणजे घरी गेलो. घरीच होतो सगळे.

परीक्षकांनी वह्या चाळल्या, म्हणाले, "आठही जणांना मोर टेकडीच्या डाव्या बाजूलाच दिसला का रे?"

पोरं गप्प. संघनायक उभा राहिला. "सर, हाईक झालीच नाही."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, "झाली सर, हा त्या दिवशी आजारी होता." कसं निघालं तोंडातून, कळलं नाही.

पोराने एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग सावधानमध्येच म्हणाला, "हो सर, ताप होता."

स्काउटच्या नऊ नियमांत पहिला विश्वासाचा, दुसरा निष्ठेचा, दर आठवड्याला मीच म्हणून घेतो. स्काउट सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलने १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हापासूनची पद्धत आहे, संघाची जबाबदारी संघनायकाने घ्यायची, मास्तरने मागे राहायचं. राहिलो की मी मागे, पार त्याच्या पाठीमागे लपलो.

सात जण पास. त्याला सांगितलं, हाईक करून पुढच्या वेळी ये. आता तो दहावीत जाणार, पुढची वेळ कुठली.

परीक्षकांना पत्र लिहून ठेवलंय. पाठवलं तर सातही पोरांचं जातं, त्यांना तर मीच लिहायला लावलं होतं. सात जणांपैकी कोणी अजून एक शब्द बोललेला नाही, तोही नेहमीसारखा मैदानावर येतो, स्काउटच्या रीतीने डाव्या हाताने हस्तांदोलन करतो, दोर मोजून ठेवतो.

परवा त्याच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, "सर, ताप कधी आला होता हो त्याला? आम्हाला घरी काही बोलला नाही."

मी म्हटलं, हजेरी बघून सांगतो.