टँगो शिकायला ब्युनोस आयर्सला जाताय? आधी चालायला शिका

ब्युनोस आयर्सला टँगो शिकायला जायचं ठरवलं असेल तर तिथे नव्या स्टेप्स गोळा करायला जाऊ नका. स्टेप्स मुंबई-पुण्यातही शिकता येतात. तिथे जाऊन शिकायचं ते एकच: जोडीदाराच्या मिठीत राहून, गाणं ऐकत, भरलेल्या फ्लोअरवर कुणालाही धक्का न लावता चालणं. मी आणि माझा नवरा त्यासाठीच गेलो होतो. थोडंफार नाचता येतं पण तिथे पहिल्यांदाच निघालात, अशांना हे उपयोगी पडेल.

भारतातून थेट विमान नाही. आम्ही आदिस अबाबा आणि साओ पावलोमार्गे गेलो. दोहामार्गेही जाता येतं. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी अर्जेंटिनाच्या मुंबईतल्या वकिलातीकडे चौकशी करा. वेळेतला साडेआठ तासांचा फरक मात्र नाचणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो. तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ झालेले असतात, आणि मिलोंगा, म्हणजे टँगो नाचायची संध्याकाळ, खरी रंगते ती बारानंतरच. राहायला सान तेल्मो ही जुनी वस्ती देखणी आहे, पण नाचायलाच आला असाल तर आल्माग्रो, विशा क्रेस्पो किंवा पालेर्मो बरं. रात्री तीनला परतताना घर जवळ असलेलं केव्हाही चांगलं, कारण मेट्रो तोवर बंद झालेली असते आणि टॅक्सी किंवा रात्रीची बस धरावी लागते.

आमच्या शिक्षिका सत्तरीच्या पुढच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कार्लोस दी सार्लीच्या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग लावलं आणि आम्हाला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चालायला लावलं. वळण नाही, ओचो, म्हणजे आठच्या आकड्यासारखी पावलं, नाहीत, काही नाही. मग माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी माझा तळवा आपल्या छातीच्या मधल्या हाडावर ठेवला आणि एक पाऊल टाकलं. पाय हलण्याच्या आधी छाती पुढे आलेली हाताला स्पष्ट कळली. पुरुषाने हातांनी ढकलायचं नसतं आणि बाईने अंदाज बांधायचा नसतो, ते यामुळेच. पुढचं पाऊल कधी आणि केवढं, हे छातीतून कळतं. दुसरी गोष्ट वजनाची. एका पायावर पूर्ण वजन गेल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही. तो मोकळा पाय कमरेतून सैल लोंबता राहिला पाहिजे. अर्धं वजन इकडे, अर्धं तिकडे असलं की पुढचं काहीच जमत नाही. हे इतकं साधं आहे की घरी शिकताना कुणी त्यावर आठवडे घालवत नाही. तिथे घालवा. खाजगी शिकवणी घेणार असाल तर शिक्षकांना स्पष्ट सांगा की आमचं चालणं आणि आब्रासो, म्हणजे मिठी, तेवढी सुधारून द्या.

संगीताचा कान नसेल तर हे चालणं कोरडं राहतं. टँगोचा आवाज म्हणजे बांदोनेऑन. जर्मनीत तयार झालेलं हे पत्तीचं वाद्य स्थलांतरितांबरोबर तिथे आलं आणि टँगोचा प्राणच होऊन बसलं. आपली पेटीही पत्तीचीच, युरोपातूनच आलेली, आणि तिच्याशिवाय नाट्यसंगीताची कल्पना करवत नाही. त्यामुळे बांदोनेऑनचा भाता ओढला की मराठी कानाला तो आवाज परका वाटत नाही. जाण्याआधी निदान चार वाद्यवृंद ओळखायला शिका. ठसठशीत तालाचा हुआन दारिएन्झो, ज्याने 1935 च्या सुमारास वेग वाढवून तरुणांना पुन्हा फ्लोअरवर आणलं. संथ, भारदस्त दी सार्ली. आनिबाल त्रोइलो, जो स्वतः बांदोनेऑन वाजवायचा. आणि ओस्वाल्दो पुग्लिएसे, ज्याचं संगीत ताणतं आणि सोडतं. पुग्लिएसे कम्युनिस्ट होता. तो तुरुंगात असताना त्याचे साथीदार रिकाम्या पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवून कार्यक्रम करायचे. मेट्रोच्या बी मार्गावरच्या मालाबिया स्टेशनाला आज त्याचं नाव जोडलेलं आहे. नव्या धाटणीचा टँगो रचणारा संगीतकार आस्तोर पियाझोला जरूर ऐका, पण मिलोंगात तो क्वचितच लागतो.

हा नाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर, ब्युनोस आयर्स आणि मोंतेविदेओमध्ये घडला. आफ्रिकी वंशाच्या लोकांचं ढोलांवरचं कांदोंबे, क्यूबाकडून आलेला हाबानेरा ताल, युरोपातले पोल्का-माझुर्का नाच, सगळं त्यात मिसळलं. 1914 च्या जनगणनेत ब्युनोस आयर्सची जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती, त्यात इटली आणि स्पेनमधून एकटे आलेले पुरुष खूप. बायका कमी, म्हणून पुरुष आपसात सराव करायचे आणि पुष्कळ जण आधी बाईच्या बाजूची पावलं शिकायचे. मला वाटतं, आजही प्रत्येक पुरुषाने ती शिकावीत. माझ्या नवऱ्याचं पुढे नेणं त्यानंतर किती तरी मऊ झालं. 2009 मध्ये युनेस्कोने टँगोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांच्या वतीने.

शैलींवरून वाद घालायला तिथल्या लोकांना आवडतं. शिकणाऱ्याला कामापुरतं एवढं पुरे: शहराच्या मध्यभागातल्या खचाखच भरलेल्या हॉलमध्ये छातीला छाती लावून, छोट्या पावलांनी नाचतात ती मिलोंगेरो. उत्तरेकडच्या विशा उर्किसा वस्तीत जागा जास्त, त्यामुळे तिथल्या सालोन शैलीत पाऊल लांब, डौलदार, आणि वळताना मिठी थोडी सैलावते. गुडघे वाकवून, जमिनीकडे झुकून नाचायची कान्येंगे ही जुनी शैली. 1990 च्या दशकात गुस्तावो नावेरा आणि त्याच्या सोबत्यांनी हालचालींची फोड करून जे शोधलं ते नुएवो नावाने ओळखलं जातं. रंगमंचावरचा टँगो वेगळा. त्यातले उंच बोलेओ (पाय मागे हवेत झटकणं) आणि गांचो (जोडीदाराच्या पायात पाय अडकवणं) भरल्या मिलोंगात केले तर टाचेने कुणाची तरी पोटरी फुटेल. मानेला झटके देत नाचायचा बॉलरूम टँगो युरोपात घडला, तो ब्युनोस आयर्सच्या मिलोंगांत कुणी नाचत नाही. तुम्ही मिलोंगेरोने सुरुवात करा. गर्दीत तीच उपयोगी पडते.

मिलोंगाचे शिरस्ते पाळणं फार महत्त्वाचं आहे. नाचायला बोलवायचं ते नजरेने. समोरच्या टेबलावरचा माणूस नजरेला नजर देतो, मान हलकेच तिरकी करतो, तुम्ही होकार दिलात की तो उठून येतो. नको असेल तर नजर फिरवायची. कुणाचा अपमान होत नाही. बाईने तो समोर येऊन उभा राहीपर्यंत जागेवरच बसावं, नाही तर शेजारणीला केलेली खूण आपली समजून गडबड होते. नवरा-बायको एकत्र बसले तर दुसरं कुणी बोलावत नाही, म्हणून आम्ही वेगवेगळे बसायचो. एका वाद्यवृंदाची तीन-चार गाणी सलग लागतात, त्याला तांदा म्हणतात. मग नाचायचं नसलेलं एखादं गाणं थोडा वेळ वाजतं आणि सगळे जागेवर जातात. तांदा अर्ध्यात सोडू नये. दोन गाण्यांच्या मध्ये 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हणू नका, त्याचा अर्थ 'आता पुरे' असा घेतला जातो. फ्लोअरवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. आत शिरताना पुरुषाने येणाऱ्या पुरुषाच्या नजरेतून परवानगी घ्यावी. 'ला कुंपार्सिता' हे गाणं लागलं की रात्र संपली असं समजा.

नाचायला कुठे जायचं? पालेर्मोतल्या सालोन कॅनिंगची लाकडी जमीन पायांना सुखावते. जवळच्याच ला विरुतामध्ये नवशिक्यांना कुणी हसत नाही. एल बेसो छोटं, दाटीचं. थोडी तयारी झाल्यावर जा. विशा उर्किसातल्या संडरलँड क्लबमध्ये बास्केटबॉलच्या कोर्टाभोवती टेबलं मांडून नाचतात, शेजारपाजारची कुटुंबं जेवायला आलेली असतात, आणि तिथल्या म्हाताऱ्या जोडप्यांचं चालणं बघत बसणं हाच एक धडा आहे. बेलग्रानोच्या बागेतल्या ला ग्लोरिएता या मंडपात उघड्यावर नाचतात. वार आणि वेळा सतत बदलतात, त्या दिवशीच खात्री करून घ्या. पर्यटकांसाठीचे जेवणासह टँगो शो महाग असतात. त्या पैशात शिकवणी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ला बोका वस्तीतल्या कामिनितो या रंगीत गल्लीला दिवसाउजेडी एक चक्कर पुरे. टँगोचा प्रसिद्ध गायक कार्लोस गार्देल याचं आबास्तो वस्तीतलं घर मात्र चुकवू नका.

चामड्याच्या तळव्याचे बूट न्या. रबरी तळवा जमिनीला धरतो आणि वळताना गुडघा पिळवटतो. पुरुषांनी जादा शर्ट जवळ ठेवावा, अत्तर दोघांनीही बेताने. प्रवेश फीसाठी रोख पेसो लागतात. शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत: चीज-कांद्याचे एम्पानादा (करंजीसारखे), पिझ्झा आणि त्याबरोबर हरभऱ्याच्या पिठाची फाइना सगळीकडे मिळते. दुपारी झोपा, शिकवणी संध्याकाळी ठेवा. ऑगस्टमध्ये टँगोची जागतिक स्पर्धा असते, तेव्हा बघायला खूप पण फ्लोअरवर जागा कमी. शिकायलाच जायचं तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा, हवाही तेव्हा छान असते.