आईच्या सैपाकघराचं माप

रविवार, रात्र

टेप अजून पर्समध्येच आहे. आज दिवसभरात ओटा मोजला, मग आई मोजली.

पावसाच्या आत गावचं सैपाकघर नवं करून घ्यायचं ठरलंय. बेळगावजवळ, जांबोटी रस्त्याला आमचं गाव, म्हणजे 'पावसाच्या आत' हे नुसतं बोलायचं नसतं. जूनमध्ये एकदा लागला की गवंडी येत नाही आणि वाळूही वाळत नाही.

दोन महिने मी मोबाईलवर फोटो जमवत होते. मातीच्या रंगाच्या भिंती, उघड्या फळ्या, टांगलेली तांब्याची भांडी, कोपऱ्यात चूल. आज आईला दाखवले. चष्मा लावून तिनं सगळे बघितले आणि म्हणाली, "हे तर आपलंच हाय की आत्ताचं. ह्याला पैसे कशाला घालायचे?"

तिला पाहिजे ते बेळगावात टिळकवाडीला मावशीकडे आहे तसलं: पांढरं, गुळगुळीत, ड्रॉवर ढकलला की शेवटी आपोआप सावकाश मिटणारा. चाळीस वर्षं फुंकणी मारून जिचे डोळे चुरचुरले, तिच्यापुढे मी गावरान थाटाचं कौतुक करत होते. थोडी लाज वाटली. पांढरा रंग मात्र मी मान्य करणार नाही. हळदीचा एक हात लागला की संपलं.

उघड्या फळ्यांचं खूळ माझं मीच सोडलं. आमच्याकडे चार महिने चपलेलासुद्धा बुरा येतो, तांब्याचं तर विचारायलाच नको. सगळ्याला दारं बसवायची. सिंकच्या खाली उकळत्या पाण्याला टिकणारं १८ मिमी प्लाय. तिथं पैसे वाचवले की दोन पावसांत पापुद्रे सुटतात. ओट्यावर ग्रॅनाईट. कडाप्पा स्वस्त पडतो, पण तोही शहाबादीसारखा चुनखडीचाच दगड, चिंच-लिंबू सांडलं की पांढरट डाग धरतो. फळ्यांना चालेल. खाली शहाबादीच, घोटून चकचकीत न केलेली. ओल्या पायानं परसातून आत येणारी बाई घसरता कामा नये.

ओट्याच्या उंचीवर तास गेला. मी लिहून नेलं होतं ३४ इंच. आई चार फूट दहा इंच. गवंड्यानं विटा रचून दाखवल्या आणि मी तिला म्हटलं, "भाकरी थापून दाखव." तिनं रिकाम्या विटांवर दोन्ही हातांनी थापायला सुरुवात केली. कोपरं वर, खांदे कानाला लागलेले. पीठ मळायला अंगाचा भार वरून यावा लागतो, तो येईचना. गवंड्यानं एकेक थर काढला. ३० इंचाला तिचे खांदे उतरले, आणि नसलेली भाकरी तिच्या तळव्याखाली गोल फिरायला लागली. "मूवत्तु साकु रि, अक्कावरे," गवंडी म्हणाला. तीसच.

मग ओट्याला पायरी दिली. भाकरी आणि गॅस ३० इंचावर. शेगडीची स्वतःची उंची वर चढतेच. सिंक ३४ वर, कारण भांडी सिंकच्या तळाशी असतात आणि घासायला मी असते.

चूल बाहेर परसात जाणार, पत्र्याच्या शेडखाली. अंघोळीचं पाणी आणि मांडे तिथं. मांड्याचं खापर विस्तवावर पालथंच पडलं पाहिजे, त्याला पर्याय नाही. पण चूल गेली की वैल गेला, म्हणजे चुलीच्या धगीवरच तापणारं तिचं बाजूचं तोंड, हे आईच्या लक्षात आलं तेव्हा ती एकदम गप्प झाली. दुधाचं पातेलं वैलावर, मिठाची बरणी वैलाशेजारी. चार महिने मिठाला पाणी सुटू न देणारी घरातली तेवढीच एक जागा. चिमणीच्या माणसाला तिनं विचारलं, "ह्याच्यावर बरणी ठेवली तर चालती काय?" तो हसला. मी नाही हसले. अजून उत्तर सापडलेलं नाही.

चिमणी शेगडीच्या वर २८ इंचांवर, आणि पाईप थेट भिंतीतून बाहेर. माळ्यात सोडला तर कौलांखाली तेलकट काजळी साठत बसेल. काचेचं कौल आज एकच आहे, त्याची तीन करायची. ह्या एका गोष्टीवर आमचं भांडण झालं नाही.

इंडक्शन दादानं पुण्याहून पाठवलाय, २००० वॅटचा. त्याला १६ अँपिअरचा वेगळा प्लग आणि नीट अर्थिंग काढायला सांगितलं. करंट गेला की इन्व्हर्टरवर तो चालणार नाही, तेव्हा गॅस राहणारच.

संध्याकाळी कुठली भांडी चालतील ते बघायला फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आईच्या हातात दिलं. म्हटलं, तळाला चिकटलं तर चालतं. ती मांडणीपुढं बसली. पितळी पातेलं, नाही. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा टोप, नाही. तांब्याची कळशी, अर्थात नाही. स्टीलमध्ये निम्मी हो, निम्मी नाही. मग आजीचा बिडाचा तवा. चुंबक टक्कन बसलं, ओढून काढावं लागलं. आईचा चेहरा असा काही फुलला, की तवा तसाच उचलून तिनं इंडक्शनवर नेऊन ठेवला.

तो डुलायला लागला. खालून गोल आहे ना, चुलीच्या तोंडाचा. काचेवर पाळण्यासारखा इकडून तिकडं हलत राहिला. आम्ही दोघी बघत बसलो.

उद्या सुताराला सांगायचं: तव्यासाठी गॅसच्या बाजूला एक मजबूत खुंटी. उघडी.