तळ्यात विरजण

थंडी पडली की आमच्याकडे दही लागत नाही. कोमट दुधात चमचाभर विरजण, भांडं पिठाच्या डब्यात, वर जुना टॉवेल, इतके लाड करूनही सकाळी झाकण काढावं तर दूध जसंच्या तसं. परवा वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला गेले. "सारखं उघडून बघत असशील," त्या म्हणाल्या. बघत होते.

येताना मुल्ला नसरुद्दीन आठवला. तुर्कस्तानात अकशेहिरच्या तळ्याकाठी बसून तो चमच्याचमच्याने पाण्यात विरजण सोडत होता म्हणे. लोक हसले. "अरे, तळ्याचं कधी दही लागतं का?"
"नाही लागत. पण लागलं तर?"

आपल्याकडे विरजण पडतं ते उत्साहावर. तिकडे मात्र "या तुतार्सा?", म्हणजे "लागलं तर?", हीच म्हण होऊन बसलीय. ते तळं आता बरंचसं आटलंय, तरी दर जुलैत अकशेहिरला मुल्लाच्या नावाचा उत्सव भरतो, आणि पांढरी दाढी लावून कुणीतरी विरजणाचा तो सोहळा पुन्हा करतो.

मला बिरबलापेक्षा मुल्ला जवळचा वाटतो. बिरबल कधी चुकत नाही, शिवाय त्याला शाबासकी द्यायला बादशहा लागतो. मुल्ला बिनदिक्कत चुकतो. गाढवावर उलटा बसतो आणि वर कारणही देतो: शिष्य मागून चालतायत, त्यांच्याकडे पाठ कशी करू? यावर काय बोलणार? एखाद्या गावाने अशा माणसाला केव्हाच सुधारून टाकलं असतं. अकशेहिरने त्याचं थडगंही त्याच्यासारखंच ठेवलंय. दाराला हे भलंमोठं कुलूप, आणि बाजूला भिंतीच नाहीत, नुसते खांब! वर साल कोरलंय 386. ते उलटं वाचायचं, 683 हिजरी, म्हणजे आपलं 1284.

विरजण कसं या घरातून त्या घरात जातं, तसा हा फिरला. तुर्कांचा होजा, उझबेकांचा अफांदी, चिन्यांचा अफांती. अरबांच्या जुहाशी तर तो इतका मिसळलाय की कुठली गोष्ट कुणाची ते निवडता येऊ नये. उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्यात लबी हौज या तळ्याच्या काठी 1979 पासून त्याचा पुतळा आहे, अर्थात गाढवासकट. 2022 मध्ये 7 देशांनी मिळून त्याच्या गोष्टी सांगण्याची परंपरा युनेस्कोच्या यादीत नोंदवली. एरवी असल्या बाबतीत शेजारी देश भांडतात. वाटीभर मागितलं आणि काकूंनी मूळ विरजण कुणाचं ते विचारलं, असं कधी झालेलं नाही.

आज सकाळी कडेकडेने जरा घट्ट झालंय, मध्ये अजून दूधच. झाकण परत ठेवलंय.