रिपोर्टवरचं 'निल'

मला शुगर निघाली त्याला नऊ वर्षं झाली. दरवर्षी लघवीची साधी तपासणी व्हायची, प्रोटीनसमोर 'निल' लिहून यायचं आणि मी निर्धास्त कागद फाईलला लावायचे. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी फाईल चाळली आणि विचारलं, "मावशी, एसीआर कधी केलीत?"

हे नावच मी पहिल्यांदा ऐकत होते. टाईप 2 मध्ये ही तपासणी निदान झाल्यापासून दरवर्षी करायची असते. नऊ वर्षांत ती मला कुणीच लिहून दिली नाही, याचा राग अजून जात नाही.

डॉक्टरांनी नीट समजावलं. साध्या तपासणीतल्या पट्टीला थोडं प्रोटीन कळतच नाही. एसीआरमध्ये लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनी बाहेर टाकते त्या एका टाकाऊ पदार्थाच्या, प्रमाणात मोजतात, त्यामुळे पाणी कमी-जास्त प्यायलं तरी हिशेब फारसा चुकत नाही. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमच्या आत ठीक. 30 ते 300 म्हणजे किडनीची गाळणी झिरपू लागली. त्याच्या वर गेलं तर नुकसान बरंच झालेलं.

माझा आकडा आला 212. पायावर सूज नाही, लघवीला फेस नाही, आणि 212! सासऱ्यांचं डायलिसिस मी जवळून पाहिलंय. त्या रात्री झोप लागली नाही.

डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, "आदल्या दिवशी काय केलंत?" मी अजिंक्यतारा चढून आले होते. दमवणारा व्यायाम, ताप, लघवीचं इन्फेक्शन यांनी आकडा फुगतो म्हणे. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने बघायचे आणि त्यातले दोन जास्त आले तरच पक्कं धरायचं. पुढच्या दोन्ही वेळी सकाळची पहिली लघवी दिली. आले 94 आणि 88.

म्हणजे झिरपणं खरंच होतं. टेल्मिसार्टन सुरू झालं, हे बीपीचं औषध झिरपणंही कमी करतं; दोन आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासलं. मग डापाग्लिफ्लोझिन आलं, शुगरचं आणि किडनीलाही जपणारं औषध. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणायचे त्या वेदनाशामक गोळ्या किडनीला घातक म्हणून बंद झाल्या. हे सगळ्यात जड गेलं. जिना उतरताना अजून जातं.

नऊ महिन्यांनी एसीआर 37 आली. त्याच आठवड्यात धाकट्या भावालाही लॅबमध्ये घेऊन गेले. त्याच्या शुगरला सहा वर्षं झालीत, आणि त्याच्याही फाईलमध्ये सगळीकडे 'निल'च आहे.