पट्टी काढली, पण डाग राहिला

वेंगुर्ल्याकडच्या ऑर्केस्ट्रातला मुलगा माझ्याकडे पांढरा प्रिसिजन बेस, म्हणजे फेंडरची बेस गिटार, घेऊन आला. पिकगार्ड, म्हणजे बॉडीवर स्क्रूने बसवलेली पातळ पट्टी, नको, नुसती बॉडी दिसली पाहिजे. मोबाईलवर बेसवादक जॅको पास्टोरियसचा बिनपट्टीचा जॅझ बेस, फेंडरचंच दुसरं मॉडेल. "काका, स्क्रूच तर काढूचे आसत ना?"

जॅझ बेसला ते खरं आहे. त्याचे पॉट (आवाज आणि टोन फिरवायची बटणं) वेगळ्या धातूच्या पट्टीवर असतात. गार्डचे 10 स्क्रू काढले की मागे फक्त भोकं उरतात. 1957च्या बदलानंतरच्या प्रिसिजनचे दोन्ही पॉट आणि जॅक (वायर खोचायची जागा) मात्र गार्डलाच लटकलेले. गार्ड उचलला की वायरिंग हातात आणि खाली उघडा खड्डा. फोटो बघून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

स्क्रू 13. आधीच्या कारागिराने साधे लोखंडी मारलेले, खाऱ्या हवेत ते धरून बसले. किनाऱ्यावर स्टेनलेस न वापरणं हा निव्वळ आळस! सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर टेकवून स्क्रू तापवला, निवू दिला, मग आधी किंचित घट्ट करून उलटा फिरवला. जोर केला असता तर डोकी तुटून आली असती.

खड्ड्यावर दीड मिमी ॲल्युमिनियमची पट्टी कापली. आधी पुठ्ठ्याचा साचा, चारी बाजूंनी 5 मिमी जास्त, म्हणजे स्क्रूला लाकूड मिळतं. गार्डच्या पाठीचा फॉईल गेल्यामुळे खड्ड्याला आतून तांब्याची टेप लावली आणि ती ग्राउंडला जोडली, नाहीतर हम (स्पीकरमधली घरघर) वाढतो. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) बॉडीतच कसलेले होते, ते हलवले नाहीत. गार्डच्या स्क्रूंच्या भोकांत लाकडी खुंट्या, वर पांढरा रंग मिसळलेला सुपरग्लू थेंबाथेंबाने, मग 800 ते 2000चा पॉलिश पेपर.

एवढं करूनही गार्ड दिसतोच. बाकीची बॉडी वर्षानुवर्षं उजेडात पिवळसर झालेली, गार्डखालचा भाग शुभ्र. कडेची रेघ पेन्सिलीने काढल्यासारखी. घासून ओरखडे जातात, हा पिवळेपणा नाही, तो थरात मुरलेला असतो.

मुलाला गणपतीआधी पूर्ण रंग हवाय. पावसाळ्याच्या दमटपणात लॅकर दुधाळ पडतो, म्हणून मी हात लावलेला नाही. नेक काढून नुसती बॉडी उजेडात ठेवली तर फरक हळूहळू कमी होईल, पण किती ते बॉडीच्या रंगावर आहे. मला तर ती रेघ राहिलेलीच बरी वाटते. त्याला पटत नाही, आणि बेस त्याचा आहे. सध्या वायरिंग जोडून वाजवायला दिलाय, रंगाचं दिवाळीनंतर बघू.