आधी नखाने खरवडून बघा, मग रोप मेलं म्हणा

पाहणी अहवालात शेऱ्याच्या रकान्यात तीन शब्द होते : 'पाण्याअभावी रोपे मृत'. आमच्या कोकम लागवडीच्या सरकारी अनुदानाचा पुढचा हप्ता या तीन शब्दांवर अडला आणि तो मोकळा होईपर्यंत शिमगा उजाडला. आता सगळं मार्गी लागलंय, पण त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही. सावलीत वाढलेली रोपं उघड्यावर लावणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितोय.

जमीन लांजा तालुक्यातली, वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी. सातबारा, अर्ज, मंजुरी, खड्डे हे सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कलमं 'कोकण अमृता'ची घेतली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ही जात. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांच्या रोपांत नर किती निघतील ते फुलं येईपर्यंत कळत नाही, म्हणून कलमंच घ्यावीत.

कलमं मृगात मिळायची होती, मिळाली गणपती झाल्यावर. ती रोपवाटिकेच्या दाट शेडनेटखाली, पिशवीला पिशवी लावून वाढलेली होती. पानं तळहाताएवढी रुंद, पातळ, गडद हिरवी. बघणारा खूश व्हावा अशी. मला मात्र ती बघूनच काळजी वाटली. महिनाभर आंब्याखाली विरळ सावलीत ठेवून मग लावू द्या, असं मी विनवून सांगितलं. कार्यालयातून उत्तर मिळालं, "लागवड तारखेच्या आत दिसली पाहिजे." मग लावली. माडाच्या झावळ्यांचा आडोसाही केला. पावसाने उघडीप दिली आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं.

आंब्याच्या कडेच्या रांगा बऱ्या राहिल्या. मधल्या उघड्या रांगांतली पानं आठवड्यात भाजली. वरच्या बाजूला पांढरट, मग कागदासारखे तपकिरी डाग. एका कलमावर वरच्या पानाने खालच्या पानाचा निम्मा भाग झाकला होता. वरचं पान बाजूला केलं तर खालच्या पानावर त्याचा आकार काढल्यासारखा हिरवा उमटलेला, अगदी टोकासकट, आणि बाहेरचा भाग करपलेला. पाणी कमी पडलं असतं तर अख्खं पान मलूल झालं असतं, सावलीची रेघ धरून अर्धंच करपलं नसतं. आळ्यातली माती मुठीत दाबली की गोळा होत होता. या सगळ्याचे फोटो मी त्याच दिवशी काढून ठेवले. तुम्हीही काढा, तारखेसह आणि शक्यतो मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून.

पानं भाजतात ती का, हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. कोकम हे आपल्या सह्याद्रीतल्या सदाहरित रानातलं झाड, मोठ्या झाडांच्या छायेत रुजणारं. दाट सदाहरित रानात वरच्या उन्हापैकी १-२ टक्केच जमिनीपर्यंत पोहोचतं. तिथलं कोवळं रोप त्या अंधुक उजेडावर आणि अधूनमधून सरकत जाणाऱ्या कवडशांवर तग धरून असतं. म्हणून ते पान पातळ आणि पसरट करतं, मिळेल तो उजेड टिपण्यासाठी. उन्हात वाढलेलं पान लहान आणि जाड असतं, त्यात वरच्या सालीखाली उभट पेशींचे थर जास्त असतात, आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देणारी झिॲझँथिनसारखी रंगद्रव्यं भरपूर तयार होतात. सावलीतल्या पानाकडे ही तयारी नसते. त्याला एकदम उघड्यावर आणलं की वापरता येईल त्याहून कितीतरी जास्त प्रकाश अंगावर येतो, प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा दुरुस्त होते त्याहून लवकर मोडते आणि पान पांढरं पडतं.

आणि यातली मुख्य गोष्ट अशी, की एकदा पूर्ण वाढलेल्या पानाची रचना बदलत नाही. पातळ पान नंतर जाड होत नाही. झाड उन्हाशी जुळवून घेतं ते मुख्यतः जुनी पानं टाकून आणि नवी पानं नव्या उजेडाला साजेशी काढून. या दोहोंच्या मध्ये काही आठवडे रोप नुसती काडी असतं. ते तेव्हा जिवंत असतं, कामात असतं.

नेमक्या याच आठवड्यांत पाहणी झाली.

साहेब आले, बांधावरून रांगा मोजल्या. पान असलं की जिवंत, पान नसलं की मृत. मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट खाली या, साल खरवडून दाखवतो." ते म्हणाले, "फॉर्ममध्ये जिवंत आणि मृत दोनच रकाने आहेत." हे खरंच होतं. पण काडी झालेलं रोप मृत धरा असं त्या फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि पाण्याअभावी हा शेरा तर आळ्यात हातही न घालता लिहिला गेला. जिवंत रोपं ८० टक्क्यांच्या खाली दाखवली गेली आणि हप्ता थांबला.

कार्यालयात गेलो तर "अहवाल वर गेलाय". वर गेलो तर "खालून फेरपाहणीची शिफारस येऊ दे". तोंडी बोलण्याचा काही उपयोग होत नाही, हे इथेच सांगतो. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या आणि ती पोच मागताना संकोच करू नका. माझ्या पहिल्या अर्जाची पोच होती म्हणूनच "तुमचा अर्ज मिळालाच नाही" हे वाक्य पुढे टिकलं नाही. अहवालाची प्रत देईनात, तेव्हा माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. प्रत हातात आली तेव्हा कुठे तो शेरा वाचायला मिळाला. तोवर मी नुसत्या टक्केवारीवर भांडत होतो. मग फेरअर्जात करपलेल्या पानांचे फोटो लावले, आळ्यातल्या ओलीचे लावले आणि एकच मागणी केली : पान न मोजता साल बघून मोजणी व्हावी.

फेरपाहणीला दुसरे अधिकारी आले. तरुण होते, आणि मुख्य म्हणजे वाकले. अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडायची. आत हिरवी, ओलसर दिसली की रोप जिवंत. तपकिरी आणि कोरडी असेल तर तो भाग मेला, मग थोडं खाली बघायचं. कलमाच्या बाबतीत हे सांध्याच्या वरच बघायला हवं, कारण कधी कधी खालचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते मुळाकडचं रोप, जगतो आणि वरची कोकण अमृता मेलेली असते. असा खुंट फुटला तर ते आपल्याला हवं असलेलं झाड नव्हे.

तोपर्यंत बऱ्याच काड्यांना पालवीही फुटली होती, कोकमाची असते तशी तांबूस. कोवळ्या पानातला हा तांबडा रंग त्याला उन्हापासून आडोसा देतो असं मानलं जातं. पानं आधीपेक्षा लहान, हाताला जाड. अधिकाऱ्यांनी जुनं गळालेलं पान आणि नवं पान शेजारी धरून फोटो काढला आणि अहवालाला जोडला. तो क्षण मला फार समाधान देऊन गेला. टक्केवारी निकषाच्या बरीच वर गेली.

आता राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा. भाजलेली पानं लगेच छाटू नका. करपलेलं पानही खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी पालवी फुटते त्या कोंबांना, सावली देतं. त्या काळात युरिया टाकून पालवी ओढून काढू नका, ती लुसलुशीत पालवी परत भाजते. आडोसा दक्षिणेला आणि पश्चिमेला करा, कारण दिवाळीपासून पुढे ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं. मे महिन्यात मात्र सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा झावळी वरून हवी. आडोसा काढायचा तो ढगाळ दिवसांत, एकेक झावळी कमी करत. कायमचाही ठेवू नका, रोप उजेडाच्या शोधात लांबट आणि लेचंपेचं होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) काठ्या ओळींमधून रोवल्या तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांची विरळ सावली मिळते. काजूला हे काही लागत नाही, ते उन्हातलंच झाड. त्याला सावलीत ठेवाल तर ते वाढणार नाही.

आणि रोपवाटिकेतून कलमं उचलताना हिरवीगार, रुंद पानांची निवडू नका. कडेला, उन्हाच्या बाजूला ठेवलेली, जरा फिकट आणि आखूड पानांची मागा. देणारे "ती चांगली नाहीत" म्हणतील. तरी तीच घ्या.