बॉटने घेतला आख्खा रविवार

आज सकाळी चहा घेताना म्हटलं चला, आपल्या छोट्या मराठी फॉन्टवाल्या प्रोजेक्टला गिटहबवर (जिथे कोड ठेवून सगळे मिळून काम करतात) तो ऑल-कॉन्ट्रिब्युटर्स बॉट, म्हणजे मदत करणाऱ्या सगळ्यांची नावं आपोआप यादीत टाकणारा प्रोग्रॅम, लावून टाकू, दहा मिनिटांचं काम.. कसलं काय, जेवण गार झालं 😅

म्हणजे काम तसं सोपंय. बॉट रेपोला (गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या जागेला) जोडायचा, मग इश्यूत (तिथल्या चर्चेच्या धाग्यात) नुसती कमेंट टाकायची की अमक्याला भाषांतरासाठी ॲड कर, तो स्वतःच पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घ्या अशी विनंती) टाकतो आणि ती मंजूर केली की रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या पानावर) फोटोसकट नाव येतं, सोबत कामाचं चिन्ह, कोडला लॅपटॉप, भाषांतराला पृथ्वी, बग म्हणजे चूक शोधली तर किडा 🐛 पण मी शहाण्याने बॉटची कॉन्फिग (सेटिंगची) फाईल हाताने लिहिली आणि शेवटी एक स्वल्पविराम जास्तीचा राहिला, जेसनला (त्या फाईलच्या फॉरमॅटला) तो चालत नाही, दोन तास तेच शोधत बसलो.

गंमत म्हणजे गिटहबच्या कॉन्ट्रिब्युटर यादीत फक्त कमिटवालेच (फाईलींमध्ये बदल जमा करणारेच) दिसतात, आणि आमच्याकडे जोडाक्षरं कुठे तुटतात ते स्क्रीनशॉट काढून पाठवणारी एक ताई आहे, कोडची एक ओळ लिहिली नाही तिने पण निम्मे बग तिनेच शोधलेले. पहिलं नाव तिचंच टाकलं. तिचा मेसेज आला, "अरे माझा फोटो तरी बरा घ्यायचास"